बुडालेल्या देवळाच्या घंटा
(महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानासाठी आम्ही पियानोचा विषय सुचविला तेव्हा मंडळातील एका वडीलधाऱ्या सभासदांनी हसून विचारले, "राजेश्वरात पियानो पाहिलाय कोणी?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे भजनाला पेटी आहे, माणिकनगरला दत्तजयंतीच्या दरबारात मोठमोठ्या गवयांनी हजेरी लावल्याचे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पियानो मात्र सिनेमात पाहिलेला. परंतु आपल्या संगीतवर्गातील एक विद्यार्थिनी आज सायंकाळी क्लोद देबुसी ह्या फ्रेंच रचनाकाराची एक चीज वाजविणार आहे, आणि ती ऐकण्यापूर्वी तिच्यामागचा एक खराखुरा वाद आपणांस ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

देबुसी १८६२ साली जन्मला आणि १९१८ साली वारला. त्याने पियानोसाठी चोवीस छोट्या रचनांचे दोन भाग लिहिले. पहिला भाग १९१० सालचा. त्यातील दहावी रचना म्हणजे 'बुडालेले कॅथेड्रल'. कॅथेड्रल म्हणजे ख्रिस्ती लोकांचे मोठे देवालय. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात दंतकथा अशी की, ईस नावाचे नगर समुद्राने गिळले. पण एखाद्या स्वच्छ पहाटे त्याचे देवालय पाण्यातून वर येते, घंटा वाजतात, पुरोहितांचे मंत्र ऐकू येतात आणि थोड्या वेळाने सारे पुन्हा तळाशी जाते.

ही गोष्ट आपणांस परकी वाटू नये. आपल्या गावावरून जाणारा हाच हमरस्ता धरून सोलापूरच्या पुढे पुण्याकडे निघाले की इंदापूरच्या अलीकडे-पलीकडे उजनी धरणाचे पाणी लागते. त्या पाण्यात पळसदेवचे जुने शिवालय आहे. एखाद्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिखर दिसू लागते, आणि फारच ओसरले तर माणसे पायी जाऊन दर्शन घेतात. तीच भीमा पुढे आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून वाहते. देबुसीची रचना समजावून घ्यायला आम्हांस ब्रिटनीपेक्षा पळसदेवचाच अधिक उपयोग झाला, हे सांगण्यास संकोच नाही.

ह्या जातीच्या संगीताला 'इम्प्रेशनिस्ट' म्हणतात. शब्द चित्रकलेतून आला. मोने ह्या चित्रकाराने धुक्यातल्या बंदरावरच्या सूर्योदयाचे चित्र १८७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडले, त्याच्या नावातील 'इम्प्रेशन' हा शब्द उचलून एका टीकाकाराने त्या मंडळींची थट्टा केली, आणि थट्टेचेच बिरूद झाले. देबुसीला स्वतःला हा शब्द मुळीच आवडत नसे. १९०८ साली आपल्या प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने तो वापरणाऱ्यांना मूर्ख ठरविले आहे. त्याची बाजू आम्हांस पटते. धुक्याचे नाव घेऊन वादक मंडळी पुष्कळदा स्वरांचा चिखल करतात. धुके दाखवायचे असले तरी हात मात्र स्वच्छच पडावा लागतो.

आता पियानोविषयी थोडे. पेटीचा स्वर भात्यात हवा आहे तोवर टिकतो. पियानोचा स्वर हातोडीने तार ठोकताच जन्मतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. मींड दोन्हींत नाही. परंतु पियानोला उजव्या पायाखाली एक पेडल असते. ते दाबले की सगळ्या तारांवरचे दाब उचलले जातात. मग एक तार वाजली तरी तिच्या नात्यातल्या इतर तारा आपोआप गुणगुणू लागतात, सतारीच्या तरफा बोलतात तशा. ह्या रचनेचा जीव त्या पेडलमध्ये आहे. खाली खर्जाचा षड्ज ठोकून धरायचा आणि त्याच्यावर भरघोस स्वरसमूह सरकवायचे. तंबोऱ्याच्या खर्जावर गाणे उभे राहते तसेच काहीसे. पायाने पेडल उशिरा बदलले तर गोंगाट, लवकर बदलले तर देऊळ कोसळले! वर्गात बोटांपेक्षा पायाला अधिक तालीम द्यावी लागली.

आरंभीचे स्वर पाच आहेत. पहिला स्वर षड्ज मानला तर सा रे ग प ध. आमच्या पेटीवाल्या मित्रांना लगेच भूप आठवला. पण भूपाची चाल येथे नाही, न्यास नाहीत; केवळ स्वर तेच. देबुसीने १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जावा बेटाचे वाद्यवृंद ऐकले होते व त्यांचा त्याच्यावर परिणाम झाला, हे सर्वश्रुत आहे. बडोद्याचे इनायत खाँ पॅरिसमध्ये असताना देबुसीला भेटले होते हेही खरे, परंतु तोवर ही रचना छापून झाली होती. तेव्हा आपल्या रागदारीचे श्रेय उगाच लाटू नये.

आता वाद सांगतो. पाश्चात्त्य संगीत कागदावर उभ्या रेघांचे खण पाडून लिहितात. ह्या रचनेत असे एकोणनव्वद खण आहेत. लिहिले आहे तसे तंतोतंत वाजविले तर मधला भाग, ज्यात देऊळ वर येते आणि मंत्रघोष होतो, तो इतका संथ होतो की घोष राहत नाही, एकेक दगड उचलून ठेवल्यासारखे वाटते. अनेक नामवंतांनी तो तसाच वाजविला आणि ऐकणाऱ्यांनी भक्तीने ऐकला. पण १९१३ च्या सुमारास देबुसीने स्वतः ही रचना एका यंत्रासाठी वाजविली होती. त्या यंत्रात वादकाचे आघात कागदी गुंडाळीवर भोकांच्या रूपाने उतरत आणि गुंडाळी पुन्हा लावली की पियानो आपोआप वाजे. ती गुंडाळी आजही ऐकता येते. तीत देबुसी सातव्या ते बाराव्या खणापर्यंत आणि पुन्हा बाविसाव्यापासून त्र्याऐंशीव्यापर्यंत लय सरळ दुप्पट करतो! कागदावर त्याचा स्पष्ट आदेश नाही; आरंभी दोन तालचिन्हे शेजारी मांडली आहेत, तेवढीच खूण. १९८५ साली फ्रान्समध्ये निघालेल्या संशोधित आवृत्तीने ह्या गुंडाळीची दखल घेतली आहे.

मग मानायचे कोणाला, पोथीला की गुरुमुखाला? पोथीच्या बाजूने असे म्हणतात की गुंडाळीचे यंत्र सदोष असू शकते, रचनाकाराने छपाईत दुरुस्ती केली नाही, आणि प्रत्येक वादकाने ऐकीव गोष्टींवर लय बदलली तर संहितेला अर्थ काय? युक्तिवाद हलका नाही. परंतु यंत्राच्या वेगात चूक असती तर सगळीच रचना जलद वा संथ झाली असती; नेमक्या तेवढ्याच खणांत, नेमकी दुप्पट झाली नसती. आणि दुप्पट केल्यावर मंत्रघोष माणसाच्या श्वासात बसतो. आम्ही तो गाऊन पाहिला. छापील लयीत एका दमात ओळ पुरी होत नाही. देबुसीच्या लयीत होते. जे गाण्याच्या वळणाचे आहे ते गाता आले पाहिजे, ही कसोटी आमची आहे आणि ती आम्ही येथल्या भजनी मंडळींकडून शिकलो. आपल्या शेजारच्या कल्याणीत चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ओवीची लय मुसळाने ठरविली, कागदाने नव्हे.

तरी विद्यार्थिनीवर आम्ही निर्णय लादला नाही. तिने दोन्ही तऱ्हा महिनाभर वाजविल्या. घरी तिच्या आजीला संथ तऱ्हा आवडली, "देवळाला घाई कशाला" म्हणून. शेवटी मुलीने जलद तऱ्हा घेतली. कारण विचारले तर म्हणाली, संथ वाजवले की घंटा दोन आघातांच्या मध्येच मरतात. पियानोचा स्वर विरणारा आहे हे तिच्या बोटांना कळले, ह्याहून आम्हांस काय हवे? त्या ठिकाणी देबुसीची सूचना आहे की नाद मोठा असावा पण कठोर नसावा. म्हणजे बोटांनी आपटायचे नाही; खांद्यापासून हाताचे वजन सोडायचे आणि सर्व स्वर एकाच क्षणी उमटू द्यायचे.

एक अडचण उरते. आपल्याकडे पियानो नाही, विजेवर चालणारा कीबोर्ड आहे. वर्गातला एकसष्ट पट्ट्यांचा येथे चालत नाही, कारण ह्या रचनेचा खर्जच त्याच्या डाव्या टोकाबाहेर पडतो. म्हणून आजच्यापुरता अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, पेडलसह, भाड्याने आणविला आहे. त्यात तारा नाहीत, तेव्हा खऱ्या पियानोची ती गुणगुण थोडीच मिळेल. विश्वस्तांनी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात असा एक कीबोर्ड वर्गासाठी धरावा, ही आमची मागणी येथेच नोंदवून ठेवतो.

वादन साडेसहाला आहे, पाचेक मिनिटांचे. शेवटी देऊळ पुन्हा पाण्याखाली जाते तेव्हा स्वर अगदी बारीक होतात. तेवढ्या वेळापुरते सभामंडपातले पंखे बंद ठेवू. उकाडा सोसावा, आणि शेवटचा स्वर पुरता विरेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.