गहू वर्ज्य, भांडी नव्हेत
दाल-बाफल्यांच्या या उज्जैनीत एखाद्या मुलास सीलिअॅक रोग निघाला, की आई प्रथम विचारते: घरातली सारी भांडी टाकावीत काय? तशी गरज नाही. स्टेनलेस स्टीलची व काचेची भांडी साबणाने घासून, स्वच्छ धुऊन खुशाल वापरावीत. लाकडी पोळपाट-लाटणे व पिठाची चाळणी मात्र नवीनच घ्यावी. भेगांत अन् जाळीत कणीक दडून राहते, आणि गव्हातले ग्लुटेन तापवून नाहीसे होत नाही. खरा धोका गिरणीत आहे. गव्हामागोमाग त्याच जात्यावर दळलेली ज्वारी त्या मुलास अपायकारकच. म्हणून भांड्यांचे पैसे घरघंटीसाठी राखावेत. आणि अधूनमधून साऱ्या घरानेच ज्वारीची, मक्याची भाकरी खावी. म्हणजे पंगतीत ते लेकरू एकटे पडणार नाही.