शेजाऱ्याचे सण



वर्धापनदिनी आम्ही ईद-मोहरमवर बोलणार म्हटल्यावर काहींनी विचारले, "आपल्याला काय करायचंय त्याचं?" १९९२-९३ साली मुंबईत शेजारी शेजाऱ्याला परका झाला, ते पाहिलेल्यांनी तरी हे विचारू नये. भिंतीला भिंत लागून राहतो, पण शिरखुर्म्यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नसते.

हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचे, ३५४-३५५ दिवसांचे. अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि कधी ऐन मे महिन्यात सापडतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही नाही! हमालाने, गवंड्याने असा रोजा धरायचा म्हणजे काय, हे आपण कष्टकऱ्यांनी ओळखावे. अष्टशील घेतल्यावर आपणही दुपारनंतर जेवत नाही, पण पाणी पितो. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने, तान्ह्या बाळाच्यासुद्धा, फितरा काढतात. त्या दिवशी गरिबाचीही चूल पेटावी, हा हेतू. जकात वेगळी : ठरावीक मर्यादेवरची संपत्ती वर्षभर राहिली, की तिचा शेकडा अडीच हिस्सा. आपल्याकडे दान मनावर सोडलेले, आणि मन पुष्कळदा विसरते.

मोहरमच्या शुभेच्छा मात्र देऊ नका, बरं का. इ.स. ६८० मध्ये करबलाच्या मैदानात पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मारले गेले, त्याचा तो शोक. मारण्याआधी त्यांचे पाणी तोडले होते, म्हणून त्या दिवसांत सरबत वाटतात. पाणी तोडणे म्हणजे काय, हे १९२७ चे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कोणी सांगायला नको. सांगली जिल्ह्यात कडेगावला उंचच उंच ताबूत निघतात, त्यांना हिंदूही खांदा देतात.

राहिली बकरी ईद. इथे अडचण आहे आणि ती झाकायची नाही. इब्राहीम पैगंबरांच्या त्यागाची ती आठवण. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची रीत : एक घरचा, एक आप्तेष्टांचा, एक गरिबांचा. वाटणी चांगली, पण पहिले शील घेणाऱ्या आम्हाला कुर्बानी पटत नाही. (रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांग लावणाऱ्याने मात्र यावर बोलू नये.) मग करायचे काय? अशोकाने पहिल्या शिलालेखात बळी देणे बंद केले आणि बाराव्यात दुसऱ्याच्या पंथाचा आदर करा म्हटले. दोन्ही लेख एकाच राजाचे आहेत! शेजाऱ्याने विचारले तर आम्ही आमचे मत सांगू, आणि ईदला त्याच्या दारीही जाऊ.

बुद्धपौर्णिमेला मशिदीतल्या मंडळींना खिरीला बोलवावे, अशी आमची समितीला सूचना आहे. निमंत्रण द्यायला चार जणांनी जावे, त्यात दोन तरी उपासिका असाव्यात.