रिकाम्या सरकारी जागेचा धनी कोण?



सरकारी कचेरी परगावी हलवावी आणि जुनी जागा विकून नव्या इमारतीचा खर्च भागवावा, ही योजना हिशेबाला सोपी वाटते. परंतु ती जागा मूळची कोणाची, हा प्रश्न त्या हिशेबात येत नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहा. राजधानी सेऊलवरील भार हलका करण्याच्या धोरणानुसार तेथील सरकारी वीज महामंडळ २०१४ साली नाजू शहरी गेले. त्याची जुनी जागा ह्युंदाई मोटार समूहाने १०.५५ लाख कोटी वॉनला घेतली; ठरविलेल्या मूल्याच्या तिपटीहून अधिक किंमतीला!

ही जमीन पूर्वी शेजारच्या बोंगउनसा या प्राचीन बौद्ध विहाराची होती. १९७० साली सरकारी कचेऱ्या हलविण्याच्याच कारणाने ती विकत घेण्यात आली. तो व्यवहार सत्तेच्या दडपणाखाली झाला, असे सांगून जोग्ये संघाने २०१६ साली आपला हक्क मागितला. तोवर विक्री होऊन गेली होती.

स्थलांतरास आपला विरोध नाही. पण विक्रीपूर्वी मूळ धन्याची जाहीर चौकशी झालीच पाहिजे. आणि आपल्या वस्तीतील विहाराची जागा कोणाच्या नावे आहे? सातबारा किंवा मिळकतपत्रिका आजच पाहा, विश्वस्त मंडळाची नोंदणी करा. हक्क कागदावर असेल तरच तो टिकेल.

जय भीम!