जुन्या लोखंडाचा सौदा



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय यावयाचे. आमचा विषयही वजनदार आहे. मात्र त्याचे वजन काट्यावर करावयाचे. व्यायामशाळेची जुनी साधने विकत घेताना भाव कसा ठरवावा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. यात व्याख्यान देण्यासारखे काय, असे कोणी विचारील. आमचे आयुष्य कामगार संघटनेत, म्हणजे घासाघीस करण्यातच गेले. सौदा मजुरीचा असो की लोखंडाचा, समोरासमोर बसणारी माणसे तीच असतात.

आपल्या मराठवाड्यात तालमी जुन्या. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडसारख्या गावातून आलेल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्णपदक आणले. त्या काळच्या तालमीचे साहित्य म्हणजे तांबडी माती, मुद्गल, गदा, मल्लखांब. मुद्गल गावचा सुतार घडवी आणि तो बापाकडून मुलाकडे जाई. जुना झाला म्हणून कोणी विकावयास काढीत नसे. पुढे जिम आली आणि तिच्याबरोबर पुली, केबल, ट्रेडमिल व बँकेचा हप्ता आला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने जिमना कुलपे लागली. राज्यात ती २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडली. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा लागली. हप्ता मात्र थांबला नाही. नांदेड काय, लातूर काय, कित्येकांनी त्यानंतर साहित्य विकावयास काढले.

अशाच एका सौद्यात आम्हांस बोलावणे आले. लातूरच्या मोंढ्यातील हमालांच्या मुलांनी वर्गणी काढून व्यायामशाळा उभारावयाचे ठरविले होते आणि नांदेडच्या एका बंद पडलेल्या जिमचे साहित्य विक्रीस होते. या मुलांच्या बापांनी पाठीवर शंभर-शंभर किलोची पोती वाहिली. एका माणसाने ५५ किलोहून अधिक ओझे वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. ती आमच्या मोंढ्यापर्यंत यायला फार वर्षे लागली. बापाने पोटासाठी वजन उचलले, मुलगा हौसेने उचलू पाहतो, ही प्रगतीच म्हणावयाची.

भाव करण्याच्या दोन रीती आपल्याकडे आहेत. उदगीरकडील हाळी-हंडरगुळीच्या किंवा माळेगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची जुनी रीत आहे. बोटाची भाषा दोघांनाच कळते. भोवतालच्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. दुसरी रीत मोंढ्यातील उघड लिलावाची. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने तिला बळ दिले, कारण झाकल्या हातात शेतकरी नाडला जात असे. जुन्या साहित्याचा भाव आम्ही दुसऱ्या रीतीने करतो: वस्तू उघडी, हिशेब उघडा.

आधी वस्तू पाहावी. लोखंडी प्लेटवर २० किलो असे ओतलेले असले तरी ती काट्यावर घालावी. छापील वजन आणि खरे वजन यांत फरक निघतो. आकडा पौंडांत असेल तर एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, हे ध्यानात ठेवावे. बार सपाट फरशीवर लोटून द्यावा. वाकलेला असेल तर लंगडत जातो. बाकावरचे रेक्झिन फाटले असेल तर घाबरू नये, ते स्वस्तात बदलते. नवा रंग दिसला की मात्र खाली वाकून वेल्डिंगचा सांधा पाहावा. गंज पुसता येतो, तडा पुसता येत नाही. केबल पुलीजवळ वळते तेथे तिच्या तारा तुटलेल्या नाहीत ना, हे बोटाने नव्हे, फडक्याने चाचपावे. ट्रेडमिलवर चांगला जड माणूस पंधरा मिनिटे चालवावा. पट्टा अडखळला, मोटारीला जळका वास आला, तर ते यंत्र फुकटही महाग.

मग हिशेब. लोखंडाच्या भावाला खाली तळ असतो आणि वर छत. तळ म्हणजे भंगारवाला देईल तो भाव. छत म्हणजे नव्या मालाचा. समजा, ४०० किलो प्लेट आहेत. भंगार ३० रुपये किलो आणि नवा माल ११० रुपये. तर तळ १२ हजार, छत ४४ हजार, आणि मध्य २८ हजार. हे आकडे केवळ उदाहरणाचे. त्या दिवशीचा भाव त्या दिवशी विचारावा. प्लेट झिजत नाही, म्हणून तिचा भाव मध्याच्या वर राहिला तरी रडू नये. मोटार झिजते, म्हणून ट्रेडमिलचा भाव तळाकडे झुकावा. सगळ्या सामानाचा एकगठ्ठा भाव करू नये. गठ्ठ्यात चांगल्या मालाच्या पाठीवर बसून वाईट माल विकला जातो.

खरी कसोटी यापुढे आली. आमच्यातील एक चलाख पोरगा कानात म्हणाला, "काका, मालकाच्या डोक्यावर कर्ज आहे. दोन आठवडे थांबू, पडेल त्या भावात देईल." पोराचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, शिवाय पैसा वर्गणीचा. वर्गणीतला रुपया न् रुपया वाचविणे हे कर्तव्यच. तरीही आम्ही त्याला विचारले, "पावसाळ्यात मोंढ्यात आवक घटते, हमालाच्या घरी चूल थंड असते. तेव्हा कोणी म्हणाले, याला गरज आहे, हा निम्म्या मजुरीवर येईल. तर तुझ्या बापाने काय म्हणावे?" पोरगा गप्प झाला. श्रम ही विकाऊ वस्तू नव्हे, असे १९४४ साली फिलाडेल्फियाच्या जाहीरनाम्यात जगातील राष्ट्रांनी मान्य केले. लोखंड ही विकाऊ वस्तू आहे, हे खरे. पण ते विकणारा माणूस विकाऊ नाही. म्हणून आमचा नियम असा, की भाव वस्तूचा करावा, माणसाच्या अडचणीचा करू नये.

मग वर्गणीचे काय? कामगार चळवळीत एक युक्ती शिकावयास मिळते. मजुरीचा आकडा अडला की रजा, गणवेश, कामाचे तास यांकडे वळावे. समोरच्याला जे देणे सोपे आणि आपल्याला जे घेणे मोलाचे, ते तेथे सापडते. मालकाला हवी होती रोकड, एकाच दिवशी, आणि गाळा रिकामा. आम्ही दोन्ही कबूल केले. नटबोल्ट खोलणे, उचलणे, ट्रकात भरणे आमच्याकडे. हमालांचीच मुले ती, त्यांना कोण शिकविणार? त्याबद्दल त्याने भावात सूट दिली आणि बाराच्या टोकाच्या क्लिपा वर घातल्या. ट्रेडमिल आम्ही घेतले नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत ट्रक लातुरास आला.

दोन गोष्टी राहिल्या. साहित्य कर्जावर घेतलेले असेल तर ते बँकेकडे तारण असू शकते. बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्यावाचून पैसे मोजू नयेत. आणि पावतीवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. बोलण्यास एकानेच बसावे आणि उठून जाण्याची तयारी ठेवूनच बसावे. मात्र उठताना दार आपटू नये. उद्या त्याच दारात यावे लागते.

चांगला सौदा कोणता? ज्यानंतर सहा महिन्यांनी विकणारा आणि घेणारा बाजारात समोरासमोर आले, तर कोणालाही रस्ता बदलावासा वाटत नाही, तो.