रिकामे घर म्हणजे शून्य नव्हे



गावात एखादे सार्वजनिक काम निघाले म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो पैशाचा. पैसा कोठून येणार, यंत्र कोण देणार, मंजुरी केव्हा मिळणार? हे विचारणे योग्यच आहे. पण दुसरा एक प्रश्न बहुधा मागे राहतो, आणि काम अर्ध्यावर आले म्हणजे तोच पुढे येऊन वाट अडवतो. या कामाशी कोणाकोणाचा संबंध आहे, आणि त्या सर्वांना आपण विचारले आहे काय? आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी, आणि त्याचे उत्तर नीट मांडायला संगणकावरचा तक्ता कसा उपयोगी पडतो, त्याविषयी.

अशा संबंधित लोकांना इंग्रजीत ‘स्टेकहोल्डर’ म्हणतात. मराठीत कोणी ‘भागधारक’ म्हणतात, पण तो शब्द कंपनीचे शेअर घेणाऱ्यालाच शोभतो. आपण सरळ ‘हितसंबंधी’ म्हणू. यात तीन प्रकारची माणसे येतात. ज्यांना कामाचा लाभ होणार ती, ज्यांना त्याची झळ लागणार ती, आणि ज्यांच्या शब्दावर काम पुढे सरकेल किंवा अडेल ती. एकच माणूस या तिन्हींत असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता हा संगणकावरचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. तलाठ्याचे जुने पीकपाहणीचे कागद, सोसायटीची खतावणी, गुरुजींचे हजेरीपत्रक, या सर्वांत आडव्या ओळी आणि उभे रकाने असतातच. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ‘व्हिसिकॅल्क’ नावाचा तक्ता घरगुती संगणकासाठी तयार केला, आणि एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेल्या बेरजा आपोआप बदलू लागल्या. १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले. आज ‘लिबरऑफिस कॅल्क’सारखा तक्ता फुकट मिळतो, देवनागरीत लिहिता येतो, आणि शाळेतल्या संगणकावर चालतो. साधा तक्ता तर मोबाईलवरही करता येतो.

उदाहरण घेऊ. समजा, आपल्या गावाच्या पाझर तलावातला गाळ काढायचा आहे. महाराष्ट्रात २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली, तेव्हापासून हे काम पुष्कळ गावांच्या परिचयाचे आहे. तलाव खोल होतो, पाणी जास्त साठते, आणि काढलेला गाळ हलक्या रानात पसरला की जमीन सुधारते. इतके चांगले काम. याला कोणाची हरकत असणार? असे वाटते खरे. म्हणूनच तक्ता मांडून पाहू.

डावीकडे पहिल्या रकान्यात ‘कोण’ असे लिहा, आणि खाली एकेका ओळीत एकेक गट मांडा. ग्रामपंचायत आली. तलावाखालचे विहीर-बागायतदार आले. ट्रॅक्टरने गाळ नेऊ शकणारे मोठे शेतकरी आले. माळावरचे अल्पभूधारक आले. यांना गाळ हवा आहे, पण वाहतुकीचे भाडे परवडत नाही. ज्या रस्त्याने डंपर जाणार त्या रस्त्यावरची शाळा आली. येथवर नावे चटकन सुचतात, कारण ही माणसे सभेला येतात.

आता जरा तलावाच्या काठाने मनानेच एक चक्कर मारा. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरकते आणि ओली जमीन उघडी पडते. तिच्यावर काही कुटुंबे काकडी-कलिंगड लावतात. याला आपण गाळपेर म्हणतो. गाळ उचलला की त्यांचे शेतच उचलले गेले! तलावात मासळीचे बीज सोडणारी मच्छीमारांची संस्था असते. काठावर मेंढ्या पाण्यावर आणणारे धनगर असतात. बाजू सरळ तासल्या, तर त्यांच्या मेंढ्यांनी पाण्यापर्यंत उतरायचे कसे? धुणे धुणाऱ्या, गुरे पाजणाऱ्या बायका असतात. आणि ओढ्याच्या खालच्या अंगाचे गाव असते. वरचा तलाव जास्त पाणी धरू लागला, तर पहिल्या पावसाचे पाणी आपल्याकडे उशिरा येईल, ही धास्ती त्यांना वाटू शकते. पाच ओळी आधीच्या, पाच या. एकूण दहा.

यापुढे रकाने. पहिला, कुटुंबे किती. दुसरा, लाभ. तिसरा, झळ. चौथा, ‘वजन’. गावात आपण म्हणतोच की, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. तेच हे वजन. पाचवा, ‘कल’, म्हणजे कामाला पाठिंबा किती. या चार गोष्टींना एक ते पाच असे गुण द्यावेत. सहावा रकाना, त्यांना कोणी व कोणत्या तारखेला विचारले. सातवा, ते काय म्हणाले. आणि हे शक्यतो त्यांच्याच शब्दांत. लाभ आणि झळ यांचे रकाने मात्र कधीही एक करू नयेत. मच्छीमारांचे या वर्षी नुकसान आहे आणि खोल तलावामुळे पुढे फायदा आहे. वजाबाकी करून शून्य लिहिले, तर दोन्ही खऱ्या गोष्टी पुसल्या जातील.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कलाचा रकाना भरू लागलो. सभेला आलेल्या पाच गटांना विचारले. त्यांचे गुण आले पाच, पाच, पाच, तीन आणि चार. बेरीज बावीस. बाकीच्या पाचांना कोणी विचारलेच नाही, म्हणून त्यांची घरे रिकामी राहिली. तक्त्याला सरासरी काढायला सांगितली, तर तो सांगतो ४.४. वा! गाव जवळजवळ एकमताने अनुकूल आहे, असे अहवालात लिहायला हरकत नाही! पण हा आकडा आला कसा? स्प्रेडशीटचे ‘अ‍ॅव्हरेज’ हे सूत्र रिकामे घर मोजतच नाही. त्याने बावीसला दहाने नव्हे, पाचाने भागले. यंत्र खोटे बोलले नाही. ज्यांना विचारले त्यांचीच सरासरी त्याने दिली.

मग कोणी म्हणेल, रिकाम्या घरात शून्य भरा. तेही चूक. शून्य भरले की सरासरी २.२ येते, आणि न विचारलेली माणसे जणू कट्टर विरोधक ठरतात. रिकामे घर म्हणजे शून्य नव्हे. रिकाम्या घराचा अर्थ एकच: जाऊन विचारून या.

समजा, आपण गेलो आणि विचारून आलो. गाळपेर करणाऱ्यांनी दिला एक, मच्छीमारांनी दोन, मेंढपाळांनी दोन, बायकांनी चार, खालच्या गावाने तीन. हे बारा मिळवले की चौतीस, आणि सरासरी ३.४. पण हा आकडा मिळाला म्हणून काम संपले असे मानू नये. ३.४ या साध्यासुध्या आकड्याच्या पोटात गाळपेरवाल्यांचा तो एक लपलेला आहे. सरासरीने गाव कळते, घर कळत नाही.

म्हणून तक्त्याला दुसरे काम सांगा. झळेच्या रकान्याप्रमाणे सगळ्या ओळी उतरत्या क्रमाने लावा. याला ‘सॉर्ट’ म्हणतात. ज्यांना झळ जास्त, ते वर येतील. येथे एक खबरदारी हवी. क्रम लावताना संपूर्ण तक्ता निवडावा. एकच रकाना निवडून तेवढाच हलवला, तर मच्छीमारांचे उत्तर बागायतदारांच्या ओळीत जाऊन बसते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरे साधन म्हणजे ‘फिल्टर’, आपली चाळणीच. झळ चार किंवा जास्त, आणि वजन दोन किंवा कमी, अशी चाळणी लावली की त्यातून उरतात ती माणसे, ज्यांचे जास्त जाते आणि ज्यांचे कमी ऐकले जाते. गावाने सर्वांत आधी ज्यांच्या दारी जायचे, ती हीच. आणि ‘काउंटब्लँक’ नावाचे सूत्र रिकामी घरे मोजून देते. तो आकडा तक्त्याच्या माथ्यावर ठेवावा. तो शून्य होईपर्यंत ठराव मांडू नये, असा नियम करून पाहावा.

व्यवस्थापनशास्त्रात हा विषय गेली चाळीस वर्षे शिकवला जातो. अमेरिकन प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांचे १९८४ चे पुस्तक त्यात प्रसिद्ध आहे. तेथे चार घरांची एक आकृतीही असते: एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस कामाशी असलेला संबंध. ज्यांचे वजन जास्त त्यांना जपा, आणि ज्यांचा संबंध मोठा पण वजन थोडे त्यांना माहिती देत राहा, असा तिचा सल्ला. एखाद्या कंपनीला तो पुरत असेल. गावाला पुरत नाही. गावात ज्याचे वजन कमी, तोही उद्या त्याच पाणवठ्यावर भेटणार असतो.

हे नुसते तत्त्व नव्हे. आपल्याकडे ते करून दाखवले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगावी त्यांनी काम उभे केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. पाणी द्यायचे ते जमिनीच्या मोजमापाने नव्हे, तर घरातल्या माणसांच्या संख्येने, असा तिचा नियम. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल इतके पाणी. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात हक्क. विचार करा, लाभधारकांची यादी सातबाऱ्यावरून केली असती, तर भूमिहीनाची ओळ त्या तक्त्यात आलीच नसती. साळुंख्यांच्या वेळी असा तक्ता नव्हता, पण कोणाची ओळ धरायची, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. यंत्राने तो प्रश्न विचारता येत नाही; तो माणसानेच विचारायचा.

मग गाळाच्या कामात या तक्त्यातून निघते काय? काम थांबवा, असे निघत नाही. निघते ते इतकेच, की गाळपेरीचा एक पट्टा या वर्षी राखावा आणि तो पुढच्या वर्षी खोदावा. मेंढ्यांसाठी एका बाजूस उतार सोडावा. मासळीसाठी एक डोह शिल्लक ठेवून मगच यंत्र उतरवावे. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास डंपर थांबवावेत. अल्पभूधारकांच्या वाहतुकीला अनुदान मिळते काय, याची चौकशी ग्रामपंचायतीकडे करावी. खालच्या गावाच्या चार मंडळींना बोलावून मोजमापे दाखवावीत. यांतली एकही गोष्ट भारी खर्चाची नाही. पण विचारल्याशिवाय ती सुचत नाही, आणि काम सुरू झाल्यावर सुचली तर तिला तंट्याचे रूप येते.

शिक्षक मित्रहो, येथे तुमचे साह्य मोलाचे आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना सरासरी, क्रम आणि आलेख शिकवायला याहून जिवंत उदाहरण कोठे मिळणार? शून्य आणि रिकामे घर यांतला फरक एकदा मुलांकडून करवून घ्या. पुस्तकातली सरासरी त्यांना कायमची कळेल. मात्र घरोघर मते विचारायला मुलांना पाठवू नका. ते जाणत्या माणसांचे काम आहे, आणि भाऊबंदकीच्या गोष्टींत लेकरे पडू नयेत.

आणखी दोन पथ्ये. तक्त्यात गटाचे म्हणणे लिहावे. कोण कोणाच्या विरुद्ध आहे, कोणाचे कोणाशी वाकडे आहे, असले काही लिहू नये. एक कसोटी ठेवावी: जी ओळ ग्रामसभेत त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येत नाही, ती तक्त्यात असू नये. आणि गुण देताना एकट्याने बसून देऊ नयेत. सरपंच, एक शिक्षक, बचत गटाची एक भगिनी, आणि ज्यांना झळ लागणार त्यांच्यापैकी एक, असे चौघे बसून द्यावेत. मतभेद झाला तर आकड्यासाठी भांडू नये. पुन्हा जाऊन विचारावे. शेवटी तक्ता कागदावर छापून चावडीवर लावावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा.

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपली जुनी म्हण आहे. पण गाव म्हणजे कोण, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. सभेला आलेले पंचवीसजण म्हणजे गाव नव्हे. मेंढ्या घेऊन रानात गेलेला, मजुरीला बाहेर पडलेली, पलीकडच्या ओढ्याकाठी राहणारा, हे सगळे मिळून गाव. पुढचे काम निघेल तेव्हा संगणक असो, मोबाईल असो, नाही तर वहीचा चौकटींचा कागद असो, आधी ओळी मोजा आणि मग रिकामी घरे मोजा. ती भरायला निघालेले पाऊल हीच कामाची खरी सुरुवात.