एका शब्दाचे ऋण

कलकत्त्याला कालीघाटच्या मंदिराशेजारी यात्रेकरूंची एक जुनी धर्मशाळा होती. रस्त्यावर मरणाऱ्याला निदान अंथरूण लाभावे, म्हणून १९५२ साली मदर तेरेसांनी तेथे ‘निर्मल हृदय’ उघडले. पुढे ११ डिसेंबर १९७९ रोजी, ऑस्लो येथील नोबेल व्याख्यानात, त्यांनी एका संध्याकाळी रस्त्यावरून उचलून आणलेल्या स्त्रीची हकिकत सांगितली. तिची अवस्था भयानक होती. बिछान्यावर निजविताच ती हसली, तिने मदर तेरेसांचा हात धरला, आभाराचा एकच शब्द उच्चारला आणि प्राण सोडला.

मदर तेरेसांनी तेव्हा स्वतःच्याच सदसद्विवेकाला विचारले, तिच्या जागी आपण असतो तर? उत्तर प्रांजळ होते. भूक लागली आहे, थंडी वाजते आहे, असेच काही बोलून आपण लक्ष वेधून घेतले असते!

संत इग्नेशियसने सोळाव्या शतकात भाविकांना नित्याचे विवेकपरीक्षण घालून दिले. त्याची पहिली पायरी पापांची उजळणी नव्हे; लाभलेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, ही ती पायरी. घोटभर पाणी, ऊन जेवण, कुणी आपुलकीने पुसलेले कुशल. यादी क्षुल्लक वाटते खरी. त्या स्त्रीच्या यादीत मात्र एक बिछाना आणि एक हात, एवढेच होते.

व्याख्यानात तिचे नाव नाही.