वांकलेला शाफ्ट

मुलांना वळण लावण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. पण वांकलेली वस्तु सरळ कशी करावी, हें मला निवृत्तीनंतर एका यंत्रशाळेंत कळलें. माझा एक जुना विद्यार्थी तेथें मिस्त्री आहे. पंपाचा वांकलेला पोलादी शाफ्ट त्याच्याकडे दुरुस्तीस आला होता. तें काम पाहण्यास त्यानें मला मुद्दाम नेलें.

घणाचे दोन तडाखे दिले म्हणजे झालें, असें मला वाटलें होतें. त्यानें घणाला हातहि लावला नाहीं. इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खांच असलेल्या दोन ठोकळ्यांवर त्यानें शाफ्टचीं टोकें ठेविलीं, मध्यावर डायलचें टोंक टेकविलें आणि शाफ्ट सावकाश एक फेरा फिरविला. कांट्यानें एक मिलिमीटरचा फरक दाखविला. "म्हणजे बांक अर्ध्या मिलिमीटरचा, गुरुजी," तो म्हणाला. कारण एका फेऱ्यांत बांक एकदां वर येतो व एकदां खालीं जातो. सर्वांत उंच जागीं त्यानें खडूची खूण केली.

मग शाफ्ट प्रेसखालीं गेला. पृष्ठभागावर वळ उठूं नये, म्हणून खुणेवर तांब्याचा तुकडा ठेविला. अर्धा मिलिमीटर दाबून दाब सोडला, तों शाफ्ट पूर्ववत्! पोलाद लवचिक असतें. थोडें दाबलें तर तें परत उसळतें. म्हणून त्यास सरळ रेषेच्या पलीकडे न्यावें लागतें. किती पलीकडे, हें पोलादाच्या जातीवर व शाफ्टच्या जाडीवर अवलंबून असतें. त्यानें अंमळ अधिक दाबलें, सोडलें, मोजलें. पुन्हां किंचित् अधिक. एका दमांत उरकूं पाहणारा शाफ्टला उलट अंगास वांकवितो, आणि उलटसुलट वांकविल्यानें चीर पडण्याची भीति असते.

फार जाड शाफ्टला उष्णतेचा उपाय करतात. फुगीर अंगावरील लहानसा ठिपका झटकन् लाल करतात. तो प्रसरण पावूं पाहतो, पण सभोंवतालचें थंड पोलाद त्यास जागा देत नाहीं. तो आंतल्या आंत दबतो. निवतांना आकसून तो शाफ्टला सरळ ओढतो. तापवितांना मात्र बांक क्षणभर वाढलेलाच दिसतो!

अखेर शाफ्ट सरळ झाला. मिस्त्रीनें त्यास रॉकेल चोपडलें, कांहीं वेळानें कोरडें पुसलें आणि वर खडूची पूड फांसली. चिरेंत शिरलेलें रॉकेल खडूंत उमटतें. केसाएवढी एक काळसर रेघ उमटलीच.

मालक म्हणाले, "चालून जाईल."

"नाहीं शेटजी. फिरतांना तुटला, तर शेजारीं कोणी माणूस उभा असेल." मग माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "ही परीक्षा मीं दाबण्यापूर्वींहि करावयास हवी होती, गुरुजी."

शाफ्ट मोडींत गेला. मी घरीं परतलों तो एका मुलाची आठवण घेऊन. त्यास मीं भर वर्गांत वारंवार उभें केलें होतें. तो सुधारला, आणि मला धन्यता वाटली. मात्र पुढें त्यानें वर्गांत कधींहि प्रश्न विचारला नाहीं. खडू तर माझ्याहि हातांत होता. पण तो मीं केवळ फळ्यावरच वापरला.